रेवतीचं मागणं

मी लोकांच्या घरी जाऊन बसते. बसते म्हणजे खरंच बसते. चहा आला तर पिते, मेथी निवडायला असली तर एक जुडी पुढे ओढते आणि घरातलं मूल काय करतंय ते बघत राहते. सुरुवातीचे काही दिवस माझं काम एवढंच. त्यामुळे निम्म्या घरांत माझ्याबद्दलचं पहिलं मत फारसं बरं नसतं. सिडकोतल्या एका आजींनी तर माझ्यादेखत सुनेला विचारलं होतं, की या बाई शिकवणार कधी?

शिकवते हो, पण कुणाला ते लोकांना उशिरा कळतं. नाशिकमधल्या विशेष मुलांच्या एका शाळेत माझी सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर मी घरोघर जायला लागले. स्वमग्न मुलं, एका जागी न टिकणारी मुलं, उशिरा बोलणारी किंवा मुळीच न बोलणारी मुलं. हल्ली या सगळ्यांना मिळून न्यूरोडायव्हर्स म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या वेळी जे शब्द होते ते आता लिहायचीही लाज वाटते. शाळेत मूल माझ्याकडे दिवसातले चार तास असायचं, बाकीचा सगळा वेळ घरी. आणि घरच्यांची समजूत अशी, की शिकणं शाळेत उरकलं, आता संध्याकाळपर्यंत नुसतं सांभाळायचं. घोडं पेंड खातं ते इथं. म्हणून मी घरच्यांना शिकवते आणि मुलाला त्यांनी शिकवायचं असतं.

काय शिकवते? न बोलणारं मूलसुद्धा दिवसभर काहीतरी सांगत असतं. हाताने, अंगाने, किंचाळून, वेळ आली तर चावून. ते काय सांगतंय हे आधी ओळखायचं. ओळखलं की त्याला उत्तर द्यायचं, आणि घरातल्या प्रत्येकाने, दर वेळी, तेच उत्तर द्यायचं. झालं. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा.

मनमाडला रेल्वेतले एक गृहस्थ होते. भरघोस मिशा, आवाज असा की प्लॅटफॉर्मवर भोंग्याची गरज नाही. त्यांचा मुलगा रोज फरशीवर पालथा पडून काड्यापेट्यांची रांग लावायचा आणि कुणी जवळ आलं की ओरडायचा. मी त्यांना सांगितलं, तुम्हीही पालथे पडा. काही बोलू नका, काही शिकवू नका, नुसते शेजारी पडून तुमची वेगळी रांग लावा. त्यांना वाटलं बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. पण माणूस शब्दाचा पक्का, ड्युटीवरून आला की युनिफॉर्म बदलून फरशीवर. बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एका संध्याकाळी वडील येऊन उभे राहिले तेव्हा मुलगा मान न वळवता थोडा बाजूला सरकला. वडलांसाठी जागा केली त्याने. ते गृहस्थ मला फोनवर एवढंच सांगू शकले, की सरकला हो बाई, सरकला. माझ्या धंद्यात याला मोठी कमाई म्हणतात.

हे सगळं आधी सांगितलं, कारण आता पंचवटीतल्या रेवतीची गोष्ट सांगायची आहे, आणि त्या घरात माझी चांगलीच कसोटी लागली.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास रेवतीच्या आईचा, मीनलचा फोन आला. म्हणाली, "बाई, आमच्याकडे जूनपर्यंतच वेळ आहे." पुण्याकडच्या एका निवासी संस्थेत रेवतीसाठी जूनमध्ये जागा होणार होती. नवऱ्याचं, श्रीपादचं त्यांच्याशी बोलणंही झालं होतं. तोवर मुलीत काही फरक पडला तर ठीक, नाहीतर पोर घराबाहेर जाणार. फोनवर मीनल रडली नाही. अगदी कोरडं बोलली, आणि मला तेच जास्त लागलं.

घर तीर्थोपाध्यायांचं. इमारत नवी, लिफ्टवाली, पण दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटची बाहेरची खोली पिढ्यान्‌पिढ्यांच्या यजमानांसाठी राखलेली. आजोबा नाना आणि त्यांचा मुलगा श्रीपाद, दोघंही रामकुंडावर आणि घरी विधी करायचे. कुठून कुठून माणसं यायची, सामानसुमान आणि लेकुराबाळांसकट. आणि आत रेवती. नऊ वर्षांची, उंच, दोन वेण्या, तोंडात एक शब्द नाही. तिला अवेळी असा काही आकांत सुटायचा की बाहेर संकल्प सांगणाऱ्या श्रीपादची जीभ अडखळायची. देवघराच्या दारावर ती डोकं आपटून घ्यायची. कपाळावर कायमचं टेंगूळ होतं. एकदा एक यजमान श्राद्ध अर्धवट टाकून उठून गेले होते. त्यात सिंहस्थ तोंडावर आलेला, तेव्हा तर घरात पाय ठेवायला जागा नसणार. श्रीपाद वाईट बाप नव्हता, हे मी स्वच्छ सांगते. थकलेला होता.

मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात बसले. बघितलं ते असं, की मीनल मुलीला काही मागूच द्यायची नाही. तहान लागायच्या आत पाणी, भूक लागायच्या आत ताट, घाम यायच्या आत पंखा. इतकं नेमकं ओळखायची की मला हेवा वाटला. पण मग मुलीने मागायचं कशाला आणि कुणाकडे? मी विचारलं तेव्हा मीनल म्हणाली, "ती मला कधीच काही मागत नाही, बाई. देवघराकडे तेवढी धावते."

देवघराला वरून कडी होती, रेवतीचा हात पोचणार नाही अशी. नानांचं सोवळं कडक. पूजेच्या उपकरणांना कुणाचा हात लागलेला खपायचा नाही, आणि रेवतीला नेमकी तीच हवी असायची. म्हणून कडी, आणि कडी म्हणून डोकं आपटणं. घरच्यांचा निष्कर्ष असा, की मुलीला चकचकीत वस्तूंचं वेड आहे.

एका सकाळी मीनल केर काढायला आत गेली आणि कडी उघडी राहिली. रेवती सुळकन आत शिरली, पळी घेऊन बाहेर आली आणि मोबाइलवर बोलत असलेल्या बापाच्या मुठीत ती कोंबून उभी राहिली. मग एकच धांदल. श्रीपाद ओरडला की सोवळ्यातली पळी आहे, मीनल चिंच आणायला पळाली, आतून नानांचा आवाज आला की आता पुन्हा आंघोळ आली. पळी गेली मोरीत आणि रेवती फरशीवर, गडाबडा लोळत.

सगळं घर त्या पळीकडे बघत होतं. मी पोरीकडे बघत होते, पगारच त्याचा घेते. पळी बापाच्या हातात दिल्यावर तिने स्वतःचा उजवा हात पुढे केला होता, खोलगट करून. यजमान करतात तसा.

मी वाटीत पाणी घेतलं, तिच्याजवळ फरशीवर बसले आणि तिचा हात धरून तळव्यावर थोडं पाणी ओतलं. तिने ते प्यायलं आणि हात पुन्हा पुढे केला. मी ओतत राहिले, ती पीत राहिली. तहान लागली होती हो पोरीला. मीनल चिंचेचा गोळा हातात घेऊन तशीच दारात उभी राहिली होती.

विचार करा. तुमच्याआमच्या घरात मूल बघतं की तहान लागली की माणसं माठाकडे जातात, फ्रिज उघडतात. या पोरीने जन्मल्यापासून काय बघितलं? माणसं येतात, हात पुढे करतात, आजोबा पळीने पाणी घालतात, माणसं ते पितात. तिच्या लेखी पाणी मागायची रीत ती हीच. आणि आई कामात असली, की ती रीतसर मागत होती. मागायला गेली की घरात आरडाओरडा व्हायचा आणि पळी हिसकावली जायची. तिच्या जागी मी असते तर डोकं दारावर नाही, दुसऱ्याच्या डोक्यावर आपटलं असतं.

संध्याकाळी मी नानांना हे सगळं सांगितलं. नाना विद्वान माणूस, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की देवाची उपकरणी ती, खेळणी नव्हेत. मी म्हटलं, खेळत नाहीये ती, बोलतेय. त्यावर ते उठून संध्येला गेले.

श्रीपादने आपल्या परीने मार्ग काढला. भांडी बाजारातून नवी पळी, पंचपात्र आणि छोटी घंटा आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडली. मलाही वाटलं, सुटला प्रश्न. रेवतीने नवी पळी उलटसुलट करून बघितली, जागेवर ठेवली आणि जाऊन देवघराच्या दारावर डोकं आपटायला लागली. बरोबरच होतं तिचं. त्या पळीने त्या घरात कुणी कुणाच्या हातावर कधी पाणी घातलं नव्हतं. दुकानातून शब्द आणून घरात बोलणं सुरू होत नाही. तिला हवी होती ती पळी नानांच्या हातातली होती.

मी पुन्हा नानांसमोर बसले, स्वयंपाकघरातच. या वेळी श्रीपादही होता. मी म्हटलं, ही मुलगी तुमची भाषा बोलते, नाना, आणि तिला उत्तर द्यायला घरात तुमच्याशिवाय कुणी नाही. नानांचा चेहरा लाल झाला. "बाई, जन्मभर सोवळं पाळलंय मी. तुमच्या शास्त्रापायी आता मोडू?"

माझी जीभ तशी तिखट आहे. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण माझ्याआधी मीनल बोलली. लग्न झाल्यापासून सासऱ्यांसमोर ती कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती, आणि तेव्हाही आवाज चढला नाही. ओट्याकडे तोंड करून कणीक मळता मळताच म्हणाली, "नाना, घाटावर जो येईल त्याच्या हातावर पाणी घालता तुम्ही. घरातलीच एक राहिली."

नाना उठले आणि खोलीत गेले, दार लावलं. श्रीपादने बायकोकडे असं बघितलं की जणू पहिल्यांदाच बघतोय. मी पिशवी उचलली. जिन्यात मला वाटलं, झालं, आपला पत्ता कटला. जून काही थांबत नव्हता आणि आता मला या घरात पुन्हा बोलावतील याची खात्री नव्हती.

दोन दिवसांनी सकाळी मीनलचा फोन आला, लगेच या म्हणून. जाऊन बघते तर देवघराच्या दारावरची कडी निघालेली, लाकडात नुसती स्क्रूची भोकं. नानांनी स्वतः स्टुलावर चढून काढली होती. ते पूजेला बसले होते. मला बघून म्हणाले, तुमचं म्हणणं आज बघू.

रेवती आली. दारात जरा थबकली, तिचाही विश्वास बसेना. मग आत जाऊन तिने पंचपात्रातली पळी उचलली, पूजा चालू असताना, आणि नानांच्या हातात दिली. उजवा हात पुढे केला. नानांनी पळीभर पाणी तिच्या हातावर घातलं. ती प्यायली, पुन्हा हात. पुन्हा पाणी. तोंडाने नाना सवयीने काही पुटपुटत होते ते मध्येच थांबलं. डोळ्यांना पाणी आलं होतं म्हाताऱ्याच्या, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

नंतर म्हणाले, "हिचा हात बघितलात? गाईच्या कानासारखा हात करा म्हणून मी यजमानांना सांगून सांगून दमतो. कुणाला जमत नाही. हिचा बघा." आजोबांना नातीचं इतकं कौतुक वाटलेलं त्या घरात कुणी बघितलं नव्हतं.

घंटेचं कोडं तर नानांनीच सोडवलं. ती मधूनच घंटा उचलून वाजवायची, मला वाटायचं आवाज आवडतो. नाना म्हणाले, अहो, नैवेद्याची घंटा झाली की पानं मांडतात आमच्याकडे. भूक लागलीय तिला. मी कान पकडले. तेव्हापासून घंटा वाजली की घरातल्या कुणीही हातातलं काम टाकून तिला खायला द्यायचं, असं ठरलं.

सगळ्यात अवघड गेलं ते मीनलला. मी तिला सांगितलं होतं, की आता तू आधी द्यायचं नाहीस. मागू दे, वाट बघ. घड्याळात जेवणाची वेळ उलटून जायची आणि ती माउली झाकलेल्या ताटासमोर हात मांडीखाली दाबून बसायची, डोळे भरून यायचे. मला म्हणायची, तुम्ही फार कठोर आहात हो बाई. आहेच. शेवटी एका दुपारी रेवती घंटा घेऊन नानांना ओलांडून, बापाला ओलांडून आईपाशी आली आणि तिच्या नाकासमोर ती खणाखणा वाजवली. मीनल हसत होती की रडत होती ते सांगता येणार नाही. वरण वाढताना निम्मं ताटाबाहेर सांडलं.

हळूहळू आकांत कमी झाला. थांबला नाही, कमी झाला; गर्दीच्या दिवशी अजूनही कान झाकून कोपरा गाठायची. पण नाना आता यजमानांना सांगायचे, की ही आमची नात, पाणी मागतेय, घाला तिच्या हातावर. यजमानही घालायचे. बुलडाण्याच्या एका आजीबाईंनी तर पाणी घालून वर तिला नमस्कार केला.

तरी जून यायचा तो आलाच. श्रीपाद म्हणाला, "घरात ठीक आहे, बाई. पण घराबाहेर? उद्या आम्ही नसलो तर?" त्याचं चुकत नव्हतं. आमच्या कामातली खरी परीक्षा तीच असते. घरात, ठरावीक माणसांपाशी, ठरावीक वस्तू घेऊन मागणं ही निम्मीच वाट. नवी जागा, अनोळखी माणसं, हाताशी काही नाही, तिथं मूल काय करतं? शेवटी ठरलं की सगळ्यांनी जाऊन संस्था बघायची आणि तिथंच काय ते ठरवायचं. नानाही निघाले. मीनलने हट्ट धरला म्हणून मीही गाडीत बसले.

संस्था चांगली होती, हे मुद्दाम सांगते. भरपूर झाडं, स्वच्छ खोल्या, मुलं अंगाने भरलेली. अशा जागांची गरज असलेली घरं मी बघितली आहेत, तिथे मी स्वतः मुलं पाठवली आहेत. तिथल्या प्रमुख बाई माझ्याहून मऊ बोलणाऱ्या. चपला बाहेर काढून आम्ही हॉलमध्ये सतरंजीवर बसलो. श्रीपाद एकेक प्रश्न विचारत होता. मीनल सतरंजीचा धागा ओढत होती. रेवती नानांना चिकटून, अगदी गप्प. पळी नाही, घंटा नाही. आम्ही घेऊन निघालो होतो ती पिशवी गडबडीत लिफ्टपाशीच राहिली होती.

सगळं बोलून झाल्यावर त्या बाई म्हणाल्या, आज संध्याकाळपर्यंत हिला इथं राहू द्या, बघू कशी रमते. श्रीपादने मान डोलावली. तेवढ्यात रेवती उठली आणि तडक दाराबाहेर गेली. श्रीपाद झटकन उठायला लागला, मी त्याचा शर्ट धरून खाली ओढला. बघू तर दे, म्हटलं.

ती परत आली. हातात नानांच्या चपला. सतरंजीवर नानांच्या पुढ्यात तिने त्या ठेवल्या, तोंड दाराकडे करून. पुन्हा गेली, बापाचे बूट घेऊन आली. पुन्हा गेली, आईच्या चपला. आणि शेवटी आली ती स्वतःच्या सँडल पायात घालूनच, आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी नाही, नानांनी नाही. आणि नक्कल तर नव्हतीच, कारण त्या घरात चपलांनी उंबरा कधी ओलांडलेला नाही. हे तिचं स्वतःचं होतं. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं स्वच्छ वाक्य मी फार थोड्या माणसांच्या तोंडून ऐकलंय.

नानांनी त्या कातडी चपलांकडे बघितलं. मग बसल्या जागी, सतरंजीवरच, त्या पायात घातल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. संस्थेच्या बाईंना हात जोडून म्हणाले, "क्षमा करा. एवढ्या लांब आलो, पण हिला विचारायचं राहून गेलं होतं. आता तिनेच सांगितलं."

श्रीपाद बराच वेळ त्या बुटांकडे बघत बसला होता. मग त्याने नाडी बांधायला घेतली, आणि त्याच्या हाताला ती काही केल्या बांधता येईना, तेव्हा मीनलने खाली वाकून बांधून दिली. चौघं बाहेर पडली. रेवती सगळ्यांत पुढे, मागे वळून न बघता.

मी सतरंजीवर एकटीच उरले. माझ्या चपला तिने आणल्या नव्हत्या. एक क्षण मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. इतके महिने त्या घरात बसले होते मी. पण ती बरोबर होती. घरी कोणकोण जायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मी उठले आणि माझ्या चपला शोधायला अनवाणी बाहेर गेले.